भोंगा थांबल्यानंतर : ‘द फुल मॉन्टी’ या चित्रपटाची प्रस्तावना

१९५९ साली इंग्लंडात ‘आय अ‍ॅम ऑल राइट जॅक’ नावाचा एक विनोदी चित्रपट निघाला. पीटर सेलर्स या असामान्य नटाने त्यात रंगविलेला कामगारपुढारी क्षुल्लक कारणावरून संपाची हाक देतो, मालकांना घाम फोडतो, आणि प्रेक्षक मनमुराद हसतात. ते हसू निर्धास्त होते, कारण धडधाकट माणसाला काम मिळणारच, ही गोष्ट त्या काळच्या ब्रिटनमध्ये गृहीत धरलेली होती, आणि जी वस्तू हातातून जाण्याची भीती नसते तिची थट्टा करणे कोणालाही परवडते. त्यानंतर अडतीस वर्षांनी, १९९७ साली, त्याच देशात कामगारांविषयीचा दुसरा एक विनोदी चित्रपट आला. मधल्या काळात ज्या कारखान्यात संप करावयाचा तो कारखानाच उरला नव्हता, ज्या पुढाऱ्याची टिंगल करावयाची त्याची सत्ता लयाला गेली होती, आणि ज्या कामाच्या आधाराने विनोद उभा राहत असे ते काम लाखो घरांतून कायमचे निघून गेले होते. मग हसावयाचे ते कशाला? ‘द फुल मॉन्टी’ या चित्रपटाचे मोठेपण, माझ्या मते, या प्रश्नाला त्याने दिलेल्या उत्तरात आहे, आणि ते उत्तर वाचकांपुढे यथाशक्ती मांडावे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

प्रथम चित्रपटाचा बाह्य परिचय करून देतो. पटकथा सायमन ब्यूफॉय यांची आणि दिग्दर्शन पीटर कॅटानेओ यांचे. दोघांचेही चित्रपटक्षेत्रात तोवर विशेष नाव झालेले नव्हते. रॉबर्ट कार्लाइल, मार्क अ‍ॅडी आणि टॉम विल्किन्सन हे त्यातील प्रमुख नट. सुमारे पस्तीस लक्ष डॉलर एवढ्या, त्या धंद्याच्या मानाने किरकोळ, भांडवलावर निघालेल्या या चित्रपटाने जगभरात पंचवीस कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले, आणि ‘टायटॅनिक’ येईपर्यंत खुद्द ब्रिटनमध्ये सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट हाच होता. ऑस्करची चार नामांकने त्याला लाभली, त्यांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे एक होते. अ‍ॅन डडली यांना संगीताचे पारितोषिक प्रत्यक्ष मिळाले. आणि ब्रिटिश अकादमीने तर ‘टायटॅनिक’ला बाजूस सारून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्यालाच दिला. परंतु या यशाचे मर्म कळावयास ज्या शहरात ही कथा घडते त्याचा इतिहास थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण ते शहर या चित्रपटातील सहा नायकांच्या जोडीचे सातवे पात्रच आहे.

यॉर्कशायरच्या दक्षिणेस, पेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी, डॉन आणि शीफ या नद्यांच्या संगमावर शेफील्ड वसले आहे. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका कथाकाव्यातील पात्राच्या पायमोज्यात शेफील्डचीच सुरी खोवली, इतकी त्या गावच्या पात्यांची ख्याती जुनी. १६२४ साली पार्लमेंटाच्या कायद्याने तेथील सुऱ्या-कात्र्या घडविणाऱ्या कारागिरांची सनदी संस्था स्थापन झाली. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवून ते निर्दोष करण्याची रीत तेथे सिद्ध केली. एकोणिसाव्या शतकात हेन्री बेसेमर याने आपल्या नव्या भट्टीचा कारखाना तेथेच काढला. आणि १९१३ साली, बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून मिश्रधातूंचे प्रयोग करीत असता, हॅरी ब्रेअर्ली याच्या हाती न गंजणारे पोलाद लागले, जे आज आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ताटवाटीच्या रूपाने नांदत आहे. बापाने भट्टीपाशी उभे राहावे, मुलाने शाळा सोडली की त्याच दरवाजातून आत जावे, आणि दोघांनी मिळून शनिवारी संध्याकाळी कामगारांच्या क्लबात बसावे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम त्या शहरात रूढ झाला होता, आणि त्या क्रमातच तेथील पुरुषांची अब्रू, मैत्री आणि आत्मविश्वास ही सर्व गुंतलेली होती.

हा क्रम एका दशकात मोडला. जगभर पोलादाचे उत्पादन गरजेपेक्षा अधिक झाले होते. तेलाच्या भाववाढीने मागणी खचली होती. चढे व्याजदर आणि महाग पौंड यांमुळे ब्रिटिश माल परदेशी विकेनासा झाला होता. आणि १९७९ साली अधिकारावर आलेल्या मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने तोट्यातील उद्योगांना पाठीशी घालावयाचे नाही असा निश्चय केला होता. १९८० च्या जानेवारीत सुरू झालेला पोलाद कामगारांचा राष्ट्रव्यापी संप सुमारे तीन महिने चालला. कामगारांना पगारवाढ मिळाली, पण कारखाने वाचले नाहीत. पुढील चार-पाच वर्षांत सरकारी पोलाद महामंडळाची नोकरसंख्या निम्म्याहूनही खाली आली. १९८२ च्या जानेवारीत देशातील बेकारांच्या अधिकृत संख्येने तीस लक्षांचा आकडा ओलांडला. मँगनीज पोलादाचा शोध लावणाऱ्या रॉबर्ट हॅडफील्ड यांच्या कंपनीचा डॉनच्या खोऱ्यातील प्रचंड कारखाना १९८३ मध्ये बंद झाला, आणि १९९० साली त्या जागी मेडोहॉल नावाची विशाल बाजारपेठ उभी राहिली. वस्तू घडविणाऱ्यांच्या भूमीवर वस्तू विकण्याचा व्यवसाय आला, आणि जेथे भट्टीचे तंत्र जाणणारे हात लागत तेथे दुकानात चोरी होऊ नये म्हणून पहारा देणारे हात लागू लागले. कथेच्या सहा नायकांपैकी डेव्ह हा काही काळ असाच एका मोठ्या दुकानात पहारेकरी होतो.

चित्रपटाचा आरंभ एका जुन्या प्रचारपटाने होतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी खरोखरीच तयार केलेला हा लघुपट शेफील्डच्या भरभराटीचे, तेथील भट्ट्यांचे आणि दुकानांचे मोठ्या अभिमानाने वर्णन करतो. मग पंचवीस वर्षे सरतात, आणि त्याच भट्ट्यांच्या ओसाड शेडमधून एक गंजकी तुळई चोरून नेणारी दोन माणसे आपल्याला दिसतात. त्यांतील गॅझ हा घटस्फोटित आहे. मुलाच्या पोटगीचे सातशे पौंड त्याच्याकडे थकले आहेत, आणि बाकी चुकती न झाल्यास मुलाचा ताबा कायमचा जाईल असा दावा त्याच्यावर लागला आहे. डेव्ह हा त्याचा स्थूलदेही मित्र; नोकरीबरोबर पत्नीच्या प्रेमावरचाही विश्वास तो गमावून बसला आहे. लॉम्पर हा त्या ओस कारखान्याचा पहारेकरी, म्हणजे जेथे राखण्यासारखे काहीच उरले नाही तेथे राखण करणारा, आणि एकाकीपणाने इतका खचलेला की मोटारीत स्वतःला कोंडून धुराने मरू पाहणारा. जेराल्ड हा पूर्वीचा फोरमन. नोकरी जाऊन सहा महिने झाले तरी रोज सकाळी गळपट्टा बांधून घराबाहेर पडणारा, कारण पत्नीला ती वार्ता सांगण्याचे धैर्य त्याला झालेले नाही. वयाने वडील असा कृष्णवर्णीय हॉर्स आणि एक देखणा तरुण यांची पुढे भर पडते. शहरात येऊन गेलेल्या नर्तकांच्या एका टोळीला पाहावयास बायकांची झुंबड उडालेली गॅझने पाहिलेली असते. तेव्हा आपणही एक रात्र रंगमंचावर वस्त्रे उतरवीत नाचावे आणि त्या पैशांनी देणी फेडावी, हा विचित्र बेत या सहाजणांच्या डोक्यात शिरतो. कथा एवढीच आहे.

येथे मला एका अभ्यासग्रंथाचे स्मरण होते. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारिएनथाल या खेड्यातील एकमेव गिरणी बंद पडली, आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा या तरुण विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह तेथे केलेले निरीक्षण १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. वेळ मुबलक असूनही गावकऱ्यांनी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी केले होते. पुरुष रस्त्याने पूर्वीपेक्षा सावकाश चालत, वाटेत पुनःपुन्हा थांबत. पुष्कळांनी घड्याळ वापरणेच सोडून दिले होते. आणि घरकामाचा बोजा डोक्यावर असलेल्या स्त्रिया मात्र त्यांच्याहून भरभर पावले टाकीत. पुढे इंग्लंडात स्थायिक झालेल्या याहोडाबाईंनी आयुष्यभराच्या चिंतनातून असा सिद्धान्त मांडला की, नोकरी माणसाला पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देत असते: दिवसाची आखणी, कुटुंबाबाहेरचा सहवास, सामुदायिक उद्दिष्ट, समाजातील स्थान आणि नित्याची हालचाल. बेकारभत्त्याने पगाराचा काही अंश भरून निघतो. या पाच गोष्टी कोणत्याही दप्तरातून मिळत नाहीत.

‘द फुल मॉन्टी’ पाहताना हा सिद्धान्त मनात ठेवला म्हणजे त्यातील विनोदाची मांडणी स्पष्ट दिसू लागते. नाचाचा बेत ठरताच या माणसांच्या जीवनात हळूहळू काय परत येते ते पाहावे. त्यांना ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर राहावे लागते, आणि ती जागा म्हणजे तोच ओस कारखाना असतो. संध्याकाळच्या नृत्यवर्गात नियमित जाणारा जेराल्ड त्यांचा शिक्षक होतो. म्हणजे जो फोरमन होता तो पुन्हा फोरमन होतो आणि पूर्वीच्याच कडक आवाजात चुका काढू लागतो. एकाची चूक सर्वांना भोवते, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याची काळजी घ्यावी लागते. येणाऱ्या तारखेचा धाक असतो, अंगाला घाम येतो, आणि काल न जमलेली गोष्ट आज जमली याचे समाधान रात्री घरी नेता येते. पगार सोडल्यास कामाची सारी अंगे त्यांना परत मिळालेली असतात, आणि प्रेक्षक ज्याला हसतात ती त्या माणसांची कामातील तन्मयता असते. नाच कसा करतात हे शिकण्यासाठी ते ‘फ्लॅशडान्स’ हा अमेरिकन चित्रपट लावतात. त्यातील नायिका कारखान्यात धातूची जोडणी करीत असते, आणि डेव्हचे सारे लक्ष नृत्याऐवजी तिच्या सदोष वेल्डिंगकडे जाते. या प्रसंगी प्रेक्षागृहात हास्याचा कल्लोळ उसळतो; पण कारखान्याने ज्याला रस्त्यावर काढले त्या कारागिराची नजर अजून शाबूत आहे, ही जाणीव त्याच हास्यातून आपल्या अंतःकरणात उतरते.

दुसरा प्रसंग याहूनही बोलका आहे. सहाही जण एका ओळीत उभे राहून एकदम पाऊल पुढे टाकण्यास शिकत असतात आणि काही केल्या ते जमत नाही, जेराल्ड संतापतो. तेवढ्यात त्यांच्यापैकी एकाला सुचते की, ही तर आर्सेनल संघाची ऑफसाइडची युक्ती, म्हणजे प्रतिपक्षाचा खेळाडू अडकावा म्हणून बचावफळीने एका क्षणी एकत्र पुढे सरकावयाचे. हे ऐकताच सर्वजण हात उंचावून अचूक पाऊल टाकतात. श्रमजीवी माणसाचे ज्ञान त्याच्या देहात आणि अनुभवात साठलेले असते, आणि त्याच्या अनुभवाच्या भाषेत सांगितले तर त्याला काहीही शिकविता येते, हे शिक्षणशास्त्रातील मोठे तत्त्व येथे अर्ध्या मिनिटात सिद्ध होते. त्यापुढे येतो बेकारभत्त्याच्या कचेरीतील प्रसंग. रांगा लागलेल्या आहेत, कारकून कागद पुढे-मागे सारीत आहेत, आणि रेडिओवर डॉना समरचे गाणे सुरू होते. एकाचा खांदा हलतो, दुसऱ्याचा पाय ताल धरतो, आणि पाहता पाहता रांगेतील निरनिराळ्या जागी उभे असलेले आपले नायक नकळत तालमीतील हालचाली करू लागतात. जी रांग माणसाला क्रमांकाच्या पातळीवर आणते, त्याच रांगेत त्यांच्या अंगी मुरलेला सराव असा प्रकट होतो. मला हा त्या चित्रपटाचा मध्यबिंदू वाटतो.

लॉम्परच्या आत्मघाताचा प्रसंग विनोदी चित्रपटात घेणे हे धाडसाचे काम होते. डेव्ह धावत जात असता बंद पडलेली मोटार पाहतो, सवयीने तिचे इंजिन दुरुस्त करून देतो, आणि चार पावले पुढे गेल्यावर आपण काय केले हे त्याच्या ध्यानात येते. तो परत येऊन त्या अभाग्याला बाहेर ओढतो. त्यानंतर टेकडीवर बसून झालेले या माणसांचे संभाषण वरवर अत्यंत रांगडे आहे. परंतु ज्याला मित्र नाही त्याला आपण मित्र झालो आहोत हे सांगण्याची त्या वर्गातील पुरुषांची रीत तीच आहे, आणि लेखकाने त्या रीतीचा मान राखला आहे. पुढे लॉम्परला त्या देखण्या तरुणाविषयी वाटणारे प्रेमही चित्रपट तितक्याच सहजतेने स्वीकारतो.

या कथेतील स्त्रियांकडेही वाचकाचे लक्ष वेधले पाहिजे. जुने उद्योग बुडत असता नवे हलके उद्योग प्रायः स्त्रियांना कामावर घेत होते, आणि घरातील मिळवते माणूस बदलल्याचा सल गॅझसारख्याला नोकरी गेल्याइतकाच बोचत होता. कामगारांचे क्लब हे पुरुषांचे राखीव कुरण होते, इतके की त्यांच्या मध्यवर्ती संघाने स्त्रियांना समान हक्क दिले ते २००७ साली. म्हणून अशाच एका क्लबात त्या नर्तकांना पाहावयास पैसे मोजून बसलेल्या बायका पाहून गॅझ प्रथम चिडतो. त्याची पूर्वपत्नी त्याला आपल्या कारखान्यात ताशी अडीच पौंडांचे काम देऊ करते आणि तो ते झिडकारतो. यात त्याचा अहंकार आहे, पण आणखीही काही आहे. १९९३ साली अनेक धंद्यांतील किमान वेतन ठरविणारी मंडळे सरकारने मोडीत काढली होती, आणि देशव्यापी किमान वेतन, ताशी ३.६० पौंड, अमलात आले ते १९९९ च्या एप्रिलमध्ये. मधल्या या पोकळीत कुशल कामगाराने आपल्या कसबाची कोणती किंमत मान्य करावी, हा खरा पेच होता. चित्रपट गॅझची बाजू घेत नाही आणि त्याच्या पूर्वपत्नीला खलनायिकाही करीत नाही. डेव्हची पत्नी जीन तर या कथेतील सर्वांत शहाणी व्यक्ती आहे. ज्या देहाची त्याला लाज वाटते तोच तिला हवा आहे, हे ती त्याला पटवून देते तेव्हा विनोद क्षणभर थांबतो आणि त्याने थांबावे असेच आपल्याला वाटते.

येथे विवस्त्र नृत्याविषयीचा आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. काही हातचे न राखता सारे काही, असा चित्रपटाच्या नावाचा बोलीतील अर्थ, आणि येथे तो सारी वस्त्रे उतरविण्याला लावला आहे. तेव्हा सुसंस्कृत वाचकाच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. परंतु कॅमेरा येथे पराकाष्ठेचा संयम पाळतो, आणि अखेरचे दृश्य तो नर्तकांच्या पाठीमागून टिपतो. कथेचे खरे लक्ष त्या तयारीच्या आठवड्यांकडे आहे. आजवर आपला देह ही केवळ श्रमाची सामग्री आहे असे मानणाऱ्या पुरुषांना प्रथमच त्या देहाकडे परक्या नजरेने पाहावे लागते. लठ्ठपणा, वार्धक्य, दुखरे सांधे यांची लाज त्यांना एकमेकांपाशी बोलून दाखवावी लागते. जेराल्डच्या घरी जप्तीसाठी माणसे येतात तेव्हा अर्धवस्त्र अवस्थेत तालीम करणारे त्याचे मित्र पुढे सरसावतात आणि जप्तीवाल्यांना काढता पाय घ्यावा लागतो. लज्जेचे रूपांतर सामर्थ्यात होण्याचा तो पहिला क्षण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि मी तो आदराने नोंदवितो. काहींच्या मते असा मन प्रसन्न करणारा चित्रपट बेकारीच्या राजकीय कारणांवर पांघरूण घालतो. कारखाने कोणी बंद केले हे तो विचारीत नाही. केन लोच यांच्या ‘रिफ-रॅफ’मध्ये, ज्यात याच रॉबर्ट कार्लाइलने बांधकाम मजुराची भूमिका केली, किंवा १९९६ च्या ‘ब्रास्ड ऑफ’मध्ये, ज्यात यॉर्कशायरच्याच खाण कामगारांचा वाद्यवृंद आहे, हा संताप उघडपणे व्यक्त होतो. त्या कृती थोर आहेत. पण ‘द फुल मॉन्टी’ने आपल्या आनंदाची मर्यादा स्वतःच आखून घेतली आहे, हे या टीकाकारांनी पाहावे. शेवटी भट्टी पेटत नाही. जेराल्डला नोकरी मिळते, बाकीच्यांपुढे उद्याची रांग तशीच आहे. कार्यक्रम एकाच रात्रीचा आहे हे त्यांनी आधीच जाहीर केलेले असते. खोटे आश्वासन न देता प्रेक्षकांना हर्षभरित करून परत पाठविणे ही सोपी गोष्ट नव्हे. शिवाय ही माणसे आळशी होती म्हणून बेकार झाली, असे जे मत त्या दशकात वारंवार बोलले गेले, ते या चित्रपटाने कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक परिणामकारकपणे खोडून काढले, कारण त्यांना काम मिळताच ती किती मन लावून करतात हे त्याने साऱ्या जगाला दाखविले.

मराठी वाचकाशी या विषयाचा दुहेरी धागा जुळतो. याच सायमन ब्यूफॉय यांनी पुढे ‘स्लमडॉग मिलियनेअर’ची पटकथा लिहून मुंबईच्या वस्त्या जगापुढे नेल्या आणि ऑस्कर मिळविले. दुसरा धागा पोलादाचाच आहे. २००७ साली टाटा स्टीलने कोरस ही कंपनी विकत घेतली, आणि शेफील्डजवळचे स्टॉक्सब्रिज व रॉदरम येथील कारखाने मुंबईच्या बॉम्बे हाउसच्या, म्हणजे टाटांच्या मुख्य कचेरीच्या, अधिकाराखाली आले. २०१७ मध्ये ते पुन्हा दुसऱ्या हाती गेले. तेथील कामगाराचे भवितव्य दशकभर आपल्या फोर्ट विभागातील एका इमारतीत ठरत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही कथा दूरदेशीची म्हणून बाजूस ठेवता येत नाही.

वाचकांना माझी विनंती एवढीच की, त्यांनी हा चित्रपट हसत पहावा, आणि हसता हसता त्यातील प्रत्येक तालमीकडे कामगाराच्या नजरेने पहावे. ज्या समाजाला आपल्या बेकार माणसांसाठी काही करावयाचे आहे त्याने भत्त्याची तजवीज अवश्य करावी. पण माणसाला ठरलेली वेळ, सोबती आणि आपल्यावाचून अडणारे एखादे काम लागते, आणि त्यांची तजवीज करणे हेही राज्याचे व समाजाचे कर्तव्य आहे. सहा साध्या माणसांनी हे आपल्या हक्काने मिळविले आणि आपल्याला हसवीत पटवून दिले, म्हणून या चित्रपटाची गणना मी केवळ करमणुकीत न करता आपल्या काळातील श्रमविषयक विचारांच्या मौलिक कृतींत करतो.